मुलाला वर्गाबाहेर केव्हा पाठवावे, आणि पाठवलेच तर परत कसे घ्यावे

वर्गात एखादे मूल आवरेनासे झाले की बहुतेक शिक्षकांच्या तोंडून ‘बाहेर जा’ हे शब्द आपसूक निघून जातात. त्या क्षणी तो उपाय सोपा वाटतो, कारण मूल दाराबाहेर गेले की वर्ग शांत होतो आणि पुन्हा फळ्याकडे वळता येते. मात्र मुलाला वर्गातून काढणे हा फार जड उपाय आहे, आणि तो योजण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरे शिक्षकाजवळ तयार असली पाहिजेत: मूल नेमके कुठे जाणार, तिथे त्याच्याजवळ कोण असणार, आणि ते परत कसे येणार. यांतला तिसरा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो. परतीची वाट ठरलेली नसेल, तर प्रत्यक्ष धोक्याचा प्रसंग वगळता मुलाला बाहेर पाठवू नये, असे माझे ठाम मत आहे.

बाहेर पाठवणे योग्य ठरते असे प्रसंग

पहिला प्रसंग शारीरिक सुरक्षिततेचा. मूल दुसऱ्याला मारत असेल, वस्तू भिरकावत असेल, कर्कटकाचे टोक कोणाच्या डोळ्यांसमोर नाचवत असेल किंवा स्वतःचेच डोके भिंतीवर आपटत असेल, तर तिथे समजावणीत वेळ घालवायचा नसतो. आधी मुलांमध्ये अंतर पाडायचे आणि लगेच दुसऱ्या मोठ्या माणसाला बोलवायचे. दोघांची मारामारी असेल तर दोघांनाही एकाच ठिकाणी पाठवू नये. वर्गात अर्धवट राहिलेले भांडण तिथे पुरे होते.

दुसरा प्रसंग एखाद्या मुलाला हेरून चाललेल्या छळाचा. त्याच्या बोलण्याची नक्कल करणे, शरीरावरून किंवा घरच्या परिस्थितीवरून पुन्हा पुन्हा टोचून बोलणे, त्याच्या वस्तू लपवून सर्वांना हसवणे हे प्रकार एका ताकिदीनंतरही थांबत नसतील, तर छळणाऱ्याला तिथून हलवावे. इथे एक चूक अगदी चांगल्या मनाच्या शिक्षकांकडूनही होते. ज्याला त्रास झाला त्यालाच ‘तू थोडा वेळ ग्रंथालयात जाऊन बस’ असे सांगितले जाते. हेतू त्याला शांतता मिळावी असा असतो, पण वर्गाला दिसते ते एवढेच की ज्याने सोसले तोच उठून गेला.

तिसरा प्रसंग सर्वांत अवघड, कारण तिथे धोका नसतो, फक्त शिकवणे अशक्य झालेले असते. एक मूल सतत ओरडते, बाकावर ताल धरते, प्रत्येक वाक्याला उत्तर देते, आणि बाकीच्या मुलांचा तास वाया जातो. त्या मुलांचाही त्या तासावर हक्क आहे, हे विसरून चालणार नाही. अशा वेळी मी स्वतःसाठी एक ढोबळ नियम ठेवला होता: पाच-सात मिनिटांत तीनदा शिकवणे थांबवावे लागले, त्या तिन्ही वेळी मी वेगवेगळा उपाय करून पाहिला, आणि तरीही फरक पडला नाही, तरच बाहेर पाठवण्याचा विचार करायचा. तीनदा तेच वाक्य चढत्या आवाजात म्हणणे म्हणजे तीन उपाय होत नाहीत.

याशिवाय मूल स्वतःच ‘बाई, मी पाच मिनिटे बाहेर बसू का’ असे विचारते तेव्हा त्याला जरूर जाऊ द्यावे. आपला राग वाढत चालला आहे हे त्याला कळले, ही मोठी गोष्ट आहे. तिची गणना शिक्षेत करू नये.

बाहेर पाठवू नये असे प्रसंग

गृहपाठ केला नाही, पुस्तक आणले नाही, शेजाऱ्याशी कुजबुजले, डुलकी लागली, गणवेश अपुरा आहे, या कारणांसाठी कोणत्याही मुलाचा तास बुडवू नये. ज्याचा अभ्यास मागे पडला आहे त्याला अभ्यासापासून आणखी दूर ठेवण्यात काहीच अर्थ नाही. कागदाचा बोळा कोणी फेकला हे ठाऊक नसताना संशयावरून एकाला उचलणे, किंवा कबुली मिळेपर्यंत अख्खी रांग दाराबाहेर उभी करणे, हेही तितकेच चुकीचे आहे.

मात्र सर्वांत जास्त सावध राहायचे ते आपल्याच अपमानाच्या वेळी. मूल उर्मटपणे बोलले, सगळा वर्ग आपल्याकडे पाहू लागला, कानशिले तापली, की ‘हा आता इथे नको’ असे वाटू लागते. त्या क्षणी स्वतःला विचारावे: हेच वाक्य मी रिकाम्या वर्गात एकटी असताना याने उच्चारले असते, तर मी त्याला बाहेर पाठवले असते का? उत्तर ‘नाही’ असेल, तर तो निर्णय मुलासाठी नसून प्रेक्षकांसाठी आहे. तेव्हा ‘याबद्दल आपण तास संपल्यावर बोलू’ एवढेच म्हणावे, शिकवणे पुढे चालू ठेवावे आणि तास संपल्यावर खरोखरच बोलावे.

बाहेर जाणे हेच मुलाला हवे असेल तर

एकदा सातवीच्या वर्गात मी भाषा शिकवत होते. प्रकट वाचन बाकांच्या क्रमाने चाले. एक मुलगा त्या तासाला हमखास काहीतरी करायचा: कंपासपेटी धाडकन खाली पाडायचा, पुढच्याच्या पाठीवर पट्टी मारायचा, मध्येच चित्रविचित्र आवाज काढायचा. महिन्याभरात मी त्याला पाच वेळा बाहेर पाठवले. मी टाचणवहीच्या समासात अशा प्रसंगांची वेळ लिहून ठेवत असे. महिनाअखेरीस ती पाने चाळताना लक्षात आले की पाचही वेळा वाचनाची पाळी त्याच्यापासून दोन-तीन बाकांवर येऊन ठेपली होती. तो बाक मोजत होता. जोडाक्षरे आली की तो अडखळायचा, आणि वर्गासमोर अडखळण्यापेक्षा दाराबाहेर उभे राहणे त्याला कितीतरी सोपे होते. मी शिक्षा करते आहे अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात मी दर वेळी त्याची सुटका करत होते.

वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रात या प्रकाराला नाव आहे. बी. एफ. स्किनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने मांडलेल्या विचारानुसार, एखादे वर्तन केल्यावर नकोशी गोष्ट टळत असेल तर ते वर्तन पुढे वाढत जाते. याला ऋण प्रबलन म्हणतात. म्हणजे गणिताचा तास नकोसा असलेल्या मुलाला गणिताच्या तासाला बाहेर काढणे हे त्याला दंगा करायला शिकवण्यासारखेच आहे. आपण सहज वापरतो तो ‘टाइम आउट’ हा शब्दही मुळात अपुरा आहे. त्याचा पूर्ण अर्थ ‘हव्याहव्याशा गोष्टींपासून काही काळ दूर’ असा आहे. वर्गात मुलाला हवेसे काही असेल, तिथे त्याला बोलायला, करून दाखवायला, कौतुक मिळवायला जागा असेल, तरच वर्गापासून दूर राहणे त्याला जाणवेल. ज्याला दिवसभर केवळ बोलणीच बसतात, त्याच्याकडून बाहेर पाठवून काय हिरावले जाणार?

म्हणून प्रत्येक प्रसंगानंतर तीन गोष्टी लिहाव्यात: आधी काय घडले, मुलाने काय केले, आणि त्यानंतर काय झाले. चार-पाच नोंदी जमल्या की मूल काय मिळवू पाहते आहे किंवा काय टाळू पाहते आहे, ते बहुधा दिसू लागते. त्या मुलाला मी त्याचा परिच्छेद आदल्या दिवशी द्यायला लागले आणि पाळी केव्हा येणार हे आधी सांगू लागले. कंपासपेटी पडायची थांबली. पुढे तो दोनदा बाहेर गेला, पण त्याची कारणे वेगळी होती.

बाहेर पाठवण्याआधीचे उपाय

जेकब कौनिन हे अमेरिकी संशोधक एकदा वर्गात शिकवत असताना मागे वृत्तपत्र वाचत बसलेल्या एका विद्यार्थ्याला रागावले, आणि ज्यांना कोणी काहीच बोलले नव्हते असे इतर विद्यार्थीही सावरून बसल्याचे त्यांच्या लक्षात आले. या तरंगासारख्या परिणामाचा त्यांनी पुढे वर्षानुवर्षे अभ्यास केला. १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत मात्र वेगळीच गोष्ट पुढे आली. बेशिस्त घडून गेल्यावर शिक्षक काय बोलतात, यावरून सुरळीत चालणारे आणि विस्कटलेले वर्ग वेगळे ओळखता येत नव्हते. फरक आधीच्या गोष्टींत होता: शिक्षकाचे सर्वांकडे लक्ष असणे, आणि ते तसे आहे हे मुलांना ठाऊक असणे, एका कामातून दुसऱ्या कामात जाताना खोळंबा न होणे, आणि सगळा वर्ग कामात गुंतलेला असणे.

हे लक्षात घेऊन साध्या उपायांपासून सुरुवात करावी. शिकवता शिकवता त्या बाकाजवळ जाऊन उभे राहावे. काही न बोलता बाकावर बोट टेकवावे. चालू वाक्यातच त्याचे नाव गुंफावे. वाकून, त्याला एकट्याला ऐकू जाईल इतक्याच आवाजात नेमके काय करायचे ते सांगावे: ‘वही उघड आणि पहिला प्रश्न सुरू कर, मी दोन मिनिटांत बघायला येते.’ आणि मग खरोखर तिथून दूर जावे, कारण डोक्यावर उभे राहून वाट पाहणाऱ्या शिक्षकापुढे माघार घेणे मुलाला जड जाते. जागा बदलून पाहावी. शेजारच्या वर्गात वही देऊन यायला सांगावे. चार पावले चालण्यानेही पुष्कळ मुले निवळतात.

जाहीर आव्हान मात्र कधीही देऊ नये. ‘पुन्हा बोलून दाखव’ असे म्हटले की मूल बोलून दाखवतेच, कारण आता त्याचीही अब्रू पणाला लागलेली असते. जेरल्ड पॅटरसन यांनी घरातील मुले आणि पालक यांच्या निरीक्षणातून ही साखळी उलगडून दाखवली: दोघेही एकेक पायरी चढत जातात आणि जो जास्त चढतो तो जिंकतो, म्हणून पुढच्या वेळी सुरुवातच वरच्या पायरीवरून होते. जेफ कॉल्विन यांनी मुलाच्या उद्रेकाचे सात टप्पे सांगितले आहेत. शांतता, ठिणगी, अस्वस्थता, चढण, शिखर, उतरण आणि सावरणे, असे त्यांना मराठीत म्हणता येईल. शिक्षकाच्या कामाचा टप्पा तिसरा, म्हणजे अस्वस्थतेचा. मूल पाय हलवू लागते, पेन्सिलचे टोक मुद्दाम मोडते, पानावर रेघोट्या मारू लागते, नजर चुकवते. तेव्हा एक मवाळ वाक्य, पाणी पिऊन येण्याची मुभा किंवा काम थोडे लहान करून देणे उपयोगी पडते. चढण सुरू झाल्यावर प्रश्न विचारणे, कारणे मागणे, उपदेश करणे हे सारे आगीत तेल ओतण्यासारखे ठरते.

प्रत्यक्ष पाठवताना

निर्णय झाला की थोडक्यात बोलावे. ‘तू आत्ता फार चिडला आहेस. दहा मिनिटे शेजारच्या वर्गात बस, हा उतारा सोबत ने. मग मी तुला बोलावते आणि आपण बोलू.’ या तीन वाक्यांत कुठे, किती वेळ, काय करायचे आणि पुढे काय, हे सगळे येते. ‘लाज वाटत नाही का’, ‘तुझ्यामुळे सगळ्यांचे नुकसान होते’, ‘पुन्हा या वर्गात पाऊल टाकायचे नाही’ असली वाक्ये टाळावीत. शेवटचे वाक्य तर खोटेच असते, कारण मूल उद्या येणारच आहे, आणि ते आपल्यालाही ठाऊक असते.

दाराबाहेर मोकळ्या व्हरांड्यात उभे करणे हा सर्वांत प्रचलित आणि सर्वांत वाईट मार्ग आहे. तिथे मुलावर कोणाचेही लक्ष नसते. येणारे-जाणारे त्याची चेष्टा करतात, किंवा तेच खिडकीतून वर्गाला हसवू लागते. ते शाळेबाहेर निघून गेले तर जबाबदारी शिक्षकाची असते. त्यापेक्षा वर्षाच्या सुरुवातीलाच शेजारच्या शिक्षकाशी आपसात ठरवून घ्यावे: माझे मूल तुमच्या वर्गात मागच्या बाकावर बसेल, तुमचे माझ्या. दुसऱ्या इयत्तेचा वर्ग असेल तर उत्तम, कारण तिथे त्याचे मित्र नसतात. सोबत एक चिठ्ठी द्यावी. तिच्यात निघाल्याची वेळ, दिलेले काम आणि परत पाठवायची वेळ एवढेच लिहावे. अपराधाचे वर्णन लिहू नये, नाहीतर ती चिठ्ठी वाचून दुसरे शिक्षकही रागावतात आणि एका चुकीची शिक्षा दोनदा होते. लहान मुलाला किंवा फार चिडलेल्या मुलाला एकटे पाठवू नये.

मुख्याध्यापकांकडे पाठवणे गंभीर प्रसंगांसाठी राखून ठेवावे. क्षुल्लक गोष्टींसाठी रोज मुले तिकडे जाऊ लागली की ‘या वर्गाचे निर्णय इथे होत नाहीत’ असा अर्थ मुले काढतात.

कालावधी शक्य तितका कमी ठेवावा. लहान मुलांसाठी वयाच्या दर वर्षामागे एक मिनिट हा रूढ अंदाज पुरेसा आहे. मोठ्या मुलांना उद्रेकानंतर शरीर शांत व्हायलाच बराच वेळ लागतो, म्हणून घड्याळाइतकेच त्याच्या श्वासाकडे, मुठींकडे आणि चेहऱ्याकडे पाहावे. तरीही एका तासिकेच्या पलीकडे हे लांबू नये.

मूल जायला तयारच नसेल तर त्याला हात धरून ओढू नये. ओढाताणीत इजा होते, आणि आतापर्यंत शब्दांत असलेले भांडण अंगावर येते. तेव्हा दुसऱ्या मोठ्या माणसाला निरोप पाठवावा, आणि मूल खरोखर बेभान झाले असेल तर बाकीच्या वर्गालाच शांतपणे बाहेर न्यावे. यासाठी मुलांशी आधीच खूण ठरवलेली असावी. ‘वह्या मिटा आणि रांगेने मैदानावर चला’ असे म्हटले की सर्वांनी प्रश्न न विचारता उठायचे. प्रेक्षक गेले की बरेचसे वादळ आपोआप ओसरते. त्या मुलाजवळ मात्र कोणीतरी थांबलेच पाहिजे.

परत घेताना

माझ्या अनुभवात शिक्षकांचे सर्वाधिक दुर्लक्ष इथेच होते. मूल परत येते, दारात उभे राहते आणि आत यावे की नाही हे त्याला कळत नाही. शिक्षक फळ्यावर लिहीत असतात. वर्ग त्याच्याकडे पाहत असतो. त्या आठ-दहा सेकंदांत पुढचा सगळा दिवस ठरतो. तेव्हा खडू खाली ठेवावा, त्याच्याकडे पाहावे आणि नेहमीच्या आवाजात म्हणावे, ‘ये, आपण पान ४२ वर आहोत, तिसरे उदाहरण.’ शेजारच्या मुलाला त्याला पुस्तक दाखवायला सांगावे. ‘झाले का डोके शांत?’ असे सर्वांसमोर विचारू नये आणि माफीही मागायला लावू नये.

खरे बोलणे नंतर, एकांतात आणि दोघेही बसलेले असताना करावे. आधी त्याला बोलू द्यावे: काय झाले, तेव्हा तुला काय वाटत होते, तुझ्या वागण्याचा त्रास कोणाला झाला, आणि आता ते कसे भरून काढशील. उत्तर यायला वेळ लागतो; ती शांतता आपण बोलून भरून काढू नये. चुकीची भरपाई त्या चुकीशी जुळणारी असावी: फाडलेली वही चिकटवून देणे, सांडलेले उचलणे, दुखावलेल्या मुलाची त्याच्या इच्छेने आणि खासगीत भेट घेणे. बाहेर असताना जो भाग बुडाला तो शिक्षकाने पाच मिनिटे देऊन समजावून द्यावा. आपली चूक झाली असेल, म्हणजे खोडी दुसऱ्याची होती किंवा आपण अधिक बोललो, तर ते ज्या वर्गासमोर बोललो त्याच वर्गासमोर मान्य करावे.

नोंदी आणि पालक

प्रत्येक वेळी तारीख, तास, कारण आणि कालावधी लिहून ठेवावा. या नोंदी मुलाविरुद्धचा पुरावा म्हणून न ठेवता स्वतःची तपासणी म्हणून ठेवाव्यात. रसेल स्किबा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये अमेरिकेतील शाळांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात गोऱ्या मुलांवरील कारवाईची कारणे धूम्रपान, मोडतोड, न विचारता निघून जाणे अशी डोळ्यांना दिसणारी होती, तर कृष्णवर्णीय मुलांच्या बाबतीत अनादर, फार आवाज, धमकीवजा वागणे अशी शिक्षकाच्या मतावर अवलंबून असलेली कारणे अधिक आढळली. म्हणून आपल्या नोंदीत ‘उद्धट वागला’ असे लिहू नये. तो काय म्हणाला आणि काय केले ते जसेच्या तसे लिहावे. मग सहा महिन्यांनी पाने चाळताना पाहावे की त्याच चार-पाच मुलांची नावे का येत आहेत, ती कोणत्या घरांतली आहेत, आणि तीच कृती दुसऱ्या मुलाने केली तेव्हा आपण काय केले होते. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतील कलम २८ शाळेची शिस्त मुलाच्या मानवी प्रतिष्ठेला धरून असावी असे सांगते. ही प्रतिष्ठा राखली जाते की नाही, ते अशा नोंदींतूनच उघड होते.

पालकांना त्याच दिवशी कळवावे, आणि सुरुवात तक्रारीने करू नये. ‘आज तुमच्या मुलाला दहा मिनिटे दुसऱ्या वर्गात बसवावे लागले. तो परत आला, त्याने काम पूर्ण केले. घरी अलीकडे काही वेगळे घडले आहे का, झोप नीट होते का, ते तुमच्याकडून समजून घ्यायचे होते.’ असे विचारले की पालक बचावाचा पवित्रा सोडून बोलू लागतात. घरी पुन्हा शिक्षा करू नये, अशी विनंती त्याच संभाषणात करावी.

ज्या मुलांना स्वमग्नता, अतिचंचलता, ऐकण्यात किंवा वाचण्यात अडचण असते, त्यांच्यासाठी शांत जागेची सोय वर्षारंभीच पालक आणि समुपदेशक यांच्यासोबत ठरवावी. अशा मुलाच्या बाकावर एक छोटे कार्ड ठेवता येते: ते उलटे केले की ‘मला थोडा वेळ हवा आहे’ असा अर्थ घ्यायचा, आणि कोणताही प्रश्न न विचारता मान डोलवून परवानगी द्यायची.

एकाच मुलाला पंधरवड्यात तिसऱ्यांदा बाहेर पाठवायची वेळ आली, तर चौथ्या वेळेची वाट पाहू नये. त्याला शिकवणारे सर्व शिक्षक, पालक आणि शक्य असल्यास समुपदेशक यांनी नोंदी समोर ठेवून एकत्र बसावे, शेवटची दहा मिनिटे मुलालाही बोलवावे, आणि वर्गातली एखादी तरी गोष्ट बदलावी: बसण्याची जागा, कामाचा आकार, वाचनाची पाळी, किंवा सकाळी वर्गात शिरताना त्याच्याशी आपण बोलतो ते पहिले वाक्य. बदल कागदावर लिहावा, दोन आठवड्यांनंतरची तारीख घालावी आणि त्या दिवशी पुन्हा बसावे.